पोटातलं पाणी आधी तपास

वाशी, नवी मुंबई

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

थीसिससाठी ‘जुनाट व्हायरल हेपटायटिस (व्हायरसमुळे वर्षानुवर्षं राहणारी यकृताची सूज) आणि जिवाणूसंसर्ग’ हा विषय घेतेयस, याचा फार आनंद झाला. मात्र तुझं मन हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूवर बसलंय, त्याबद्दल आधी बोलतो. बसणं साहजिक आहे. मार्शल आणि वॉरन यांनी 1982 मध्ये तो जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि मधल्या काळात अल्सरचे उपचारच बदलून गेले. यकृतातही असं काही निघेल, ही आशा तेव्हापासून अनेकांना आहे. हेपटायटिस सीमुळे सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा कॅन्सर झालेल्या काही यकृतांत या कुळातल्या जंतूंचा डीएनए सापडलाही आहे. उंदरांत हेलिकोबॅक्टर हेपॅटिकसमुळे यकृताचा कॅन्सर होतो, हे तर दाखवून झालंय.

माणसात मात्र गाडी अडते. सिरॉसिसमध्ये आतड्याची भिंत गळकी होते आणि जंतू सहज यकृतापर्यंत पोचतात. मग जंतूमुळे यकृत बिघडलं, की बिघडलेल्या यकृतात जंतू येऊन बसला? एकदाच घेतलेल्या नमुन्यांवरून याचं उत्तर मिळत नाही. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत तू त्यात अडकू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा कळव्याच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तुझ्या समोर जो जंतू माणसं मारतोय, त्याच्याकडे बघ. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, म्हणजे थेट आतड्याकडून येतं. त्यातले जंतू टिपून घेणाऱ्या कुप्फर पेशी सिरॉसिसमध्ये निकामी होतात, शिवाय बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून निघून जातं. हेपटायटिस बी किंवा सीच्या व्हायरसने वीस-तीस वर्षं घेऊन ही वाट मोकळी केलेली असते. तिथून ई. कोलाय, क्लेब्सिएला हे आतड्यातले जंतू सिरॉसिसमुळे पोटात साठलेल्या पाण्यात उतरतात.

अशा पेशंटला ताप असेलच असं नाही, पोटही दुखेलच असं नाही. बायको सांगते, ‘दिवसभर झोपतात, रात्रभर जागे असतात, काल शर्टाची बटणं खालीवर लावली.’ हात पुढे करायला सांग, पंजे फडफडतात का बघ; यकृताचा परिणाम मेंदूवर झाल्याची ही खूण. आणि त्याच दिवशी, अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी, पोटातलं पाणी काढ. आयएनआर वाढलाय, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतोय, म्हणून थांबू नकोस, त्यासाठी प्लाझ्माही देत बसू नकोस. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून न पाठवणं ही तर घोडचूक. एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 250 किंवा जास्त निघाले, की कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढण्याची, वाट न बघता उपचार सुरू. कल्चरसाठी दहा मिलिलिटर पाणी खाटेशेजारीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घाल. साध्या नळीतून पाठवलं तर निम्म्या वेळाही जंतू वाढत नाही, बाटलीत ते प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास जातं.

अल्ब्युमिन, म्हणजे शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रथिन, विसरू नकोस. महाग आहे, नातेवाईक कळवळतात, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांच्याशी शांतपणे बोल. स्पेनमधला याच संसर्गाच्या 126 रुग्णांचा अभ्यास 1999 मध्ये छापून आला. पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम अल्ब्युमिन दिलं, तेव्हा हॉस्पिटलात दगावणाऱ्यांचं प्रमाण 29 वरून 10 टक्क्यांवर आलं. किडनी वाचली म्हणून माणसं वाचली. अमिकासिन, जेंटामायसिन या अँटिबायोटिकांपासून दूर राहायचं तेही किडनीसाठीच.

आता पावसाळ्याचं. ठाण्यात पाणी तुंबलं की पंधरवड्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) येतो. एखाद्याच्या जुन्या फाइलवर ‘हेपटायटिस बी पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं, घरचे म्हणतात पांढरी कावीळ (हेपटायटिस बी) उसळली, आणि आपणही मान डोलावतो. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, बघ. बी उसळला तर एसजीपीटी अनेकदा हजाराच्या घरात जातो. लेप्टोत बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) भरमसाट वाढतं, पण एसजीपीटी सहसा दोन-तीनशेच्या पुढे जात नाही. सोबत किडनीचं क्रिएटिनिन आणि स्नायूंचं सीपीके चढतात, प्लेटलेट उतरतात, पिंढऱ्या हात लावू देत नाहीत. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला होता का, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिआक्सोन वेळेवर मिळालं तर तो वाचण्याची आशा मोठी. टीबीचंही तसंच: एकेटी (टीबीची औषधं) सुरू करण्याआधी एचबीएसएजी (हेपटायटिस बीची रक्तचाचणी) बघून घे, म्हणजे पुढे कावीळ झालीच तर चाचपडावं लागणार नाही.

तेव्हा थीसिस असा मांड: पोटात पाणी असलेला बी किंवा सीचा प्रत्येक पेशंट, दाखल झाल्यापासून टॅपपर्यंत (पोटातलं पाणी काढेपर्यंत) किती तास गेले, कोणता जंतू वाढला, कोणत्या औषधाला दाद देतो, आणि पेशंट घरी गेला का. आपल्याकडे सेफ्ट्रिआक्सोनला न जुमानणारे जंतू किती, हे त्यातून कळेल आणि पुढच्या बॅचच्या रेसिडेंटला पहिलं इंजेक्शन निवडताना आधार मिळेल.

सुरुवात करण्याआधी लॅबमध्ये जाऊन रात्रपाळीच्या टेक्निशियनना भेट. शनिवारी रात्री काढलेल्या पाण्याचा सेल काउंट (पेशींची मोजणी) सोमवारी सकाळी मिळून काही उपयोग नाही. तो रात्रीच होणार असेल तरच हा अभ्यास होईल, म्हणून त्यांचं नाव सहलेखकांत घालायची तयारी ठेव. मग प्रोटोकॉल लिहून मला पाठव.

तुझा,
सर