खाडीच्या तोंडाशी लाट अडते, तिथून सुरू कर

प्रिय बाय,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला, लांबलचक, मधे दोन व्हॉइस नोट, आणि शेवटी एकच प्रश्न, की काका मी थिअरेटिकल फिजिक्स करू की फ्लुइड मेकॅनिक्स (पाणी-हवा कशी वाहते त्याचं शास्त्र), कारण फ्लुइड म्हणजे इंजिनिअरिंगच झालं ना. मोबाइलवर उत्तर टाइप करायला घेतलं तर चार ओळींत अंगठा दुखायला लागला, म्हणून आता लॅपटॉप उघडून बसलोय. पत्र म्हण याला. विस्कळीत होणार, चालवून घे.

आधी ते इंजिनिअरिंगचं उरकतो. मलाही एमएस्सीला हेच सांगितलं होतं, आणि सांगणारे मास्तर चांगले होते, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण आमच्या सिलॅबसमध्ये क्वांटम होतं, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स होतं, इलेक्ट्रोडायनॅमिक्स होतं, आणि वाहत्या पाण्यावर एक धडा नव्हता. बीएस्सीला बर्नुली आणि पॉइझ्विल यांचे प्रवाहाचे नियम झाले की पाणी संपलं. मग पोरांना वाटतंच की यात आता शोधायचं काही उरलेलं नाही, उरलंय ते पंप आणि पाइप.

तू पूर्णगडची, खाडीच्या तोंडावरची, तुझे बाबा तांडेल, होडी चालवणारे, म्हणून तुला तुझ्याच दारातलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी तुझ्या बाबांनी मला होडीतून बाहेर नेलं होतं, तू पण होतीस, उलटी झाली होती तुला (सॉरी, आठवण काढली). अमावास्येचं उधाण होतं, भरती होऊन गेलेली, मुचकुंदी नदीचं पाणी जोरात बाहेर पडत होतं आणि दुपारचा वारा समुद्राकडून. खाडीच्या तोंडाशी आल्यावर बाबांनी इंजिन कमी केलं आणि म्हणाले, "थांबा वाईच, तोंडावर पाणी उभं हाय." मी बघितलं तर खरंच उभं होतं. बाहेरून येणाऱ्या बारीक लाटा एका पट्ट्यापर्यंत येत होत्या, तिथे आखूड होत होत्या, जवळजवळ येत होत्या, ताठ होऊन फुटत होत्या, आणि त्या पट्ट्याच्या आतलं पाणी जवळपास सपाट. जणू कुणी रेघ मारून ठेवलीय की इथून आत यायचं नाही. मोठी संथ लाट मात्र रेघ ओलांडून आरामात आत येत होती आणि होडी वर-खाली करत होती, तुला उलटी झाली ती हिच्यामुळे.

आता कागद घे. पाणी खोल धर, डिस्पर्शन रिलेशन (लाटेची लांबी आणि वारंवारता यांचं नातं) लिही, समोरून येणाऱ्या प्रवाहाची डॉप्लर शिफ्ट, म्हणजे प्रवाहामुळे वारंवारतेत पडणारा फरक, घाल आणि ग्रुप व्हेलॉसिटी, म्हणजे लाटेची ऊर्जा पुढे जाते तो वेग, शून्य कर. दहा मिनिटांचं काम आहे. उत्तर येतं की प्रवाहाचा वेग लाटेच्या मूळ वेगाच्या पाव झाला की लाट अडते. तीन सेकंदांची लाट (दर तीन सेकंदांनी एक येते ती) घेतलीस तर तिचा वेग सेकंदाला साधारण 4.7 मीटर, त्याचा पाव म्हणजे 1.2 च्या आतबाहेर, म्हणजे माणूस बाजारात चालत जातो तेवढ्या वेगाची ओहोटी तिला पुरते. त्या मोठ्या, आठ सेकंदांच्या लाटेला अडवायला सेकंदाला 3 मीटरच्या वर प्रवाह हवा, तेवढा त्या दिवशी नव्हता, म्हणून ती आत आली. तोंडाशी पाणी एवढं खोल नसतं, आकडे थोडे सरकतील, पण बाबा जे एका वाक्यात म्हणाले ते हे आहे.

आणि गंमत आता सुरू होते. 1981 साली बिल उनरू नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की वाहत्या द्रवातल्या ध्वनिलहरींचं समीकरण आणि वक्र अवकाशकाळातल्या लहरींचं समीकरण एकाच साच्याचं आहे. द्रव जिथे ध्वनीपेक्षा जास्त वेगाने वाहायला लागतो तिथे कृष्णविवराचं क्षितिज, म्हणजे जिथून लहर परत बाहेर येऊ शकत नाही ती हद्द. ध्वनीच्या जागी पाण्यावरची लाट घे आणि प्रवाह उलटा घे, तर आत जाताच येत नाही अशी जागा तयार होते, तिला श्वेतविवर म्हणतात. पूर्णगडच्या तोंडावरची ती रेघ म्हणजे ढोबळमानाने तेच! 2011 मध्ये याच उनरूने काही सहकाऱ्यांबरोबर व्हँकुव्हरला पाण्याच्या लांब चॅनेलमध्ये प्रयोग केला, तळाशी विमानाच्या पंखासारखा एक उंचवटा ठेवला, त्याच्यावरून पाणी वेगाने वाहवलं आणि उलट बाजूने लाटा सोडल्या, आणि हॉकिंगच्या उत्सर्जनाशी (कृष्णविवरातूनही थोडं उत्सर्जन होतं असं तो म्हणाला होता, त्याच्याशी) जुळणारं काहीतरी मोजलं. नेमकं काय मोजलं यावर पुढे वाद झाले, ते होणारच. पण टीममध्ये कोण होते बघ, सिव्हिल इंजिनिअरिंगवाले. कृष्णविवरावर आयुष्य काढलेला माणूस सिव्हिलवाल्यांबरोबर पाण्यात हात घालून उभा राहिला, त्याने डिपार्टमेंटची पाटी वाचली नाही.

हायझेनबर्गचं तर तुला माहीत नसणार, कारण क्वांटमच्या पुस्तकात हे कुणी घालत नाही. त्याची पीएचडी कशावर? 1923, म्युनिक, गाइड सॉमरफेल्ड, आणि विषय द्रवाचा संथ प्रवाह खवळतो कधी. तोंडी परीक्षेत वीन या प्रयोगवाल्या प्रोफेसरांनी मायक्रोस्कोप आणि बॅटरी कशी चालते असलं विचारलं, ह्याला येईना, कसाबसा पास झाला. दोन वर्षांनी क्वांटम मेकॅनिक्स. पण प्रवाहाचं त्याचं उत्तर बरोबर की चूक यावर वीसेक वर्षं घोळ चालला, नोएथर नावाच्या गणितज्ञाने (एमी नोएथरचा भाऊ) त्याविरुद्ध लिहिलं, आणि चाळीसच्या दशकात सी. सी. लिन यांनी नीट गणित करून दाखवलं की हायझेनबर्ग मुळात बरोबर होता. म्हणजे बघ, क्वांटम दोन वर्षांत जमलं आणि पाण्याला वीस लागली. आणि ही फक्त सुरुवात होती, प्रवाह खवळल्यानंतर काय होतं ते अजून कुणाला धड माहीत नाही. नेव्हिअर-स्टोक्सची, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाच्या मूळ समीकरणांची, तीन मितींतली उत्तरं कायम गुळगुळीत राहतात का, एवढं सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडून दाखवणाऱ्याला क्ले या गणिताच्या इन्स्टिट्यूटने 2000 साली दहा लाख डॉलर लावलेत. ते पैसे अजून तिथेच आहेत.

म्हणून तुझा प्रश्न मला थोडा वाकडा वाटतो. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर ताऱ्यांवर काम करता करता मधे द्रवांच्या स्थैर्यात शिरले आणि 1961 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढून बाहेर आले. आपले इस्रोचे सतीश धवन लाहोरला गणित-फिजिक्समध्ये बीए, मग इंग्रजी साहित्यात एमए, मग मेकॅनिकल, आणि पीएचडी कॅलटेकला एअरोनॉटिक्समध्ये. तू विषयाचं नाव निवडू नकोस, कुठला प्रश्न डोक्यातून जात नाही ते बघ. स्ट्रिंग थिअरीचं आकर्षण मला कळतं, मीही त्याच वयात त्याच वाटेवर होतो, पण खरं सांग, तुला त्यातला एक तरी प्रश्न रात्री जागवतो का? का फक्त त्याचा रुबाब आवडतो? रुबाबावर सहा महिने निघतात, पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात.

आता माझी फजिती सांगतो, कारण यशाच्या गोष्टी तुला यूट्यूबवर ढिगाने मिळतील. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी दोन थरांच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करत होतो, वर गोडं पाणी खाली खारं, पावसाळ्यात आपल्या खाडीत असतं तसंच. एके रात्री स्क्रीनवर सुंदर भोवरे दिसायला लागले, जिथे थिअरीप्रमाणे प्रवाह शांत राहायला हवा तिथे. मला वाटलं नवीन इनस्टॅबिलिटी, म्हणजे शांत प्रवाह खवळायची नवी तऱ्हा, सापडली. गाइडना दाखवलं, ग्रुपमध्ये सेमिनार दिला, आईला फोन करून सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली. पाच महिने त्यावर काढले. मग एका ज्युनिअर पोराने सहज विचारलं की ग्रिड (हिशोबासाठी पाण्याचे पाडलेले चौकोन) दुप्पट बारीक केलीस तर काय होतं. केली. भोवरे गायब. परत तेवढीच बारीक केली, आणखी सपाट. पाण्यात काही नव्हतंच, होतं ते माझ्या ग्रिडमध्ये. त्या आठवड्यात मी मेसला जेवायला सगळ्यांच्या आधी जायचो, कुणी भेटू नये म्हणून. आईला खरं सांगायला मला दिवाळी उजाडली, ती म्हणाली साखर काही वाया नाही गेली, मुंग्यांनी खाल्ली.

तेव्हापासून सवय लागली, कुठलंही उत्तर आलं की आधी त्याला मोडायचा प्रयत्न करायचा. ग्रिड बदल, टाइम स्टेप बदल, मुळात उत्तर माहीत आहे अशा केसवर चालवून बघ. आणि कागदावर अंदाज काढल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नको, आज लोक सॉफ्टवेअरमध्ये डबे ओढून रंगीत चित्रं काढतात, पुण्यात त्याच्या नोकऱ्याही आहेत आणि पगार बरा आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला रिसर्च समजू नको.

प्रॅक्टिकल गोष्टी पटपट. नेट-जेआरएफ (जेआरएफ म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप), गेट, जेस्ट या तिन्ही प्रवेशाच्या परीक्षा दे, एकावर विसंबू नको. उन्हाळ्यासाठी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आणि तिन्ही सायन्स अकॅडमींची मिळून असलेली समर फेलोशिप, दोन्हीचे फॉर्म भर, नाही मिळालं तर रडू नको, मलाही नव्हतं मिळालं. बंगळूरला आयसीटीएस, जेएनसीएएसआर आणि आयआयएससी या संशोधन संस्था, तिन्हीकडे फ्लुइडवर चांगलं काम चालतं. ढग-पाऊस आवडला तर पुण्याची हवामान संशोधन संस्था आयआयटीएम, समुद्र आवडला तर गोव्याची समुद्र संशोधन संस्था एनआयओ, म्हणजे तुला घर सोडल्यासारखंही वाटायचं नाही. बाबांच्या मोबाइलवर मासे कुठे लागतील आणि लाटा किती उंच असतील याचे जे मेसेज येतात ते हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्रातून, तिथेही हेच शिकलेली माणसं बसलीत. जेआरएफ 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, वर घरभाडं. आईला हा आकडा सांग, तिची निम्मी काळजी जाईल. उरलेली निम्मी लग्नाची, तिच्यावर माझ्याकडे समीकरण नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ गाइड निवडण्यात घाल, हे मी बोंबलून सांगतो. इन्स्टिट्यूटच्या नावाला भुलून पोरं जातात आणि मग माणूस चुकीचा निघतो. माझ्या ओळखीच्या एकीचा ड्राफ्ट तिच्या गाइडकडे आठ महिने पडून होता, ती दर सोमवारी ईमेल करायची, तिकडून "बघतो". तेवढ्यात दुसऱ्या ग्रुपचा तसाच पेपर आला. कुठे ते नाही लिहीत, असं सगळीकडे असतं. तू काय कर, गाइडला भेटायच्या आधी त्यांच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर कँटीनमध्ये चहा पी. सरांना प्रश्न विचारला तर राग येतो का, पेपरवर नाव कुणाचं आधी लागतं, शेवटचं घरी कधी गेला होतास, एवढंच विचार. तो उत्तर द्यायच्या आधी किती वेळ गप्प बसतो ते मोज.

इंग्रजीची भीती लिहिलीस. ती जाते, दोन वर्षांत जाते. आर्काइव्हवर (arXiv, जिथे नवे पेपर फुकट वाचायला मिळतात) रोज फ्लुइड डायनॅमिक्सची यादी उघड (फिजिक्सच्या खाली आहे हं ती, बघ), दहा नावं वाच, एकाचा सारांश वाच, बास. कळणार नाही. महिनाभर नाही कळणार.

आणि आता होमवर्क. येत्या अमावास्येला किल्ल्यावर जा, होडीत नको, भरती होऊन तीनेक तास गेले की जा, तेव्हा ओहोटी जोरात असते. बाहेरच्या लाटांचा पीरियड, म्हणजे एक लाट ते पुढची लाट यातला वेळ, मोज, वीस लाटा मोजून भागाकार कर, एकदा बारीक लाटांचा आणि एकदा मोठीचा. धाकट्या भावाला जेट्टीवर उभा कर, त्याला पाण्यात नारळाचं सोडण टाकायला सांग आणि ते दोन खांबांमधून जायला किती सेकंद लागतात ते लिहून घे, खांबांतलं अंतर आधी टेपने मोजून ठेव. सोडण वाऱ्याने पण ढकललं जाईल, त्याचं काय करायचं ते तूच ठरव. मग पाव वेगाचा हिशोब लावून बघ, रेघ तिथेच येते का, की येत नाही. माझा अंदाज आहे की नाही येणार, तोंडाशी पाणी उथळ आहे आणि मी खोल धरलंय. किती चुकतं तो आकडा मला पाठव. रील नको, आकडा.

बाबांना नमस्कार सांग, आणि बांगडा लागला की एक फोन करायला सांग.

तुझा,
काका