लष्करी ट्रक, जोंगा आणि जीप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील लष्करात शक्तिमान ट्रक चालवत असत. शिरोलीच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे तसाच एक शक्तिमान उभा आहे. इंजिन सुरू होते आणि किंमतही परवडणारी आहे. कागदपत्रे मात्र ‘मागाहून देतो’ असे तो सांगतो. केवळ हौसेसाठी हा ट्रक घ्यावा का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : कागद हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका. लष्कराची गाडी सेवेत असताना तिच्यावर लष्कराचा स्वतःचा, वर रोखलेल्या बाणाचा क्रमांक असतो. परिवहन कार्यालयाच्या दप्तरात तिची नोंदच नसते. लिलावात ती विकली गेली म्हणजे संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने फॉर्म 21 मध्ये विक्रीचा दाखला द्यावा लागतो आणि त्याच्या आधारावर फॉर्म 20 भरून नागरी नोंदणी मागता येते. हा दाखला लिलावात गाडी घेणाऱ्याच्या नावे असतो. तेव्हा त्या पहिल्या खरेदीदारापासून आपल्या व्यापाऱ्यापर्यंत गाडी कशी आली, याची साखळी कागदावर दिसली पाहिजे. भंगार म्हणूनच विकल्या गेलेल्या गाडीची पुढे नोंदणी होईल अशी आशा धरू नये. दाखला दाखवला गेला तरी चेसिसवर कोरलेला क्रमांक तारेच्या ब्रशने घासून स्वतः वाचावा, त्यावर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्यावा आणि दाखल्यातील एकेक आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. गंजाखाली 3 आणि 8 सहज सारखे दिसतात.

दुसरी गोष्ट परवान्याची. ट्रक घरच्या हौसेसाठी घेतला, भाड्याने लावला नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ते मालवाहू वाहनच राहते. हलक्या वाहनाचा परवाना भारासह 7500 किलोपर्यंतच चालतो. शक्तिमान त्या मर्यादेत बसत नसल्याने परिवहन वाहनाचा परवाना, ठरलेल्या मुदतीचे फिटनेस प्रमाणपत्र आणि विमा या तिन्ही गोष्टी लागतील. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क 20,000 रुपये असून मुदत 10 वर्षांची आहे. परंतु ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांच्यापुरतीच आहे. जुनी जीप तिच्यात बसते, ट्रक बसत नाही. माझ्या मते हा नियमातील उणा भाग आहे, कारण जतन करण्यासारखी वाहने केवळ मोटारी नसतात.

हे सगळे पार पडत असेल, तर मात्र जरूर घ्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला शक्तिमान बनू लागला. 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांत जवान आणि दारूगोळा वाहणाऱ्या गाड्यांत तो होता. पुढे त्याची जागा स्टॅलियनसारख्या ट्रकांनी घेतली आणि आता तो रस्त्यावर क्वचितच दिसतो. सुटे भाग तयार मिळणार नाहीत, ही अडचण खरी आहे. पण कोल्हापूरकराने तिची फार धास्ती घेऊ नये. बुश कातून घेणे, घासलेल्या शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा मापात आणणे, तुटलेल्या हाऊसिंगचा नमुना करून नवे ओतून घेणे, ही कामे उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत आजही होतात. फक्त मोडका भाग फेकून देऊ नका. मिस्त्रीला माप त्याच्यावरूनच घ्यावे लागते.

प्रश्न : गाडीला मूळचा हिरवा रंग द्यायचा आहे. त्यास हरकत असते का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : हरकत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 121 व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ज्याला गाडी अस्सल रूपात हवी असते त्याला हा नियम जाचक वाटतो, हे मी समजू शकतो. तरीही तो योग्य आहे. लष्कराची गाडी म्हणून तपासणी नाक्यावर कोणी कोणाला फसवू नये, यासाठी ही खबरदारी हवीच. मातकट किंवा करडा रंग निवडावा, तो नोंदणीपुस्तकात लिहून घ्यावा आणि जुना लष्करी क्रमांक बंपरवर राहिला असल्यास तो खरवडून काढावा.

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी जोंगा, म्हणजे लष्करातली जीपसारखी गाडी, आहे. पावसाळ्यात गगनबावड्याला जाताना फोर व्हील (चारही चाकांना जोर देणारा गिअर) टाकून गेलो. परतताना लिव्हर निघेना आणि स्टिअरिंगही जड झाले. मिस्त्री गिअर बॉक्स उघडायला सांगतो. आणखी एक शंका म्हणजे हल्लीचे पेट्रोल या गाडीला चालते का?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : गिअर बॉक्स इतक्यात उघडू नका. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना अधिक फिरावे लागते. जोंगात फोर व्हील टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडले जातात आणि हा फरक सोसणारे डिफरन्शियल मध्ये नसते. चिखलात टायर थोडा घसरतो आणि ताण सुटतो. डांबरी रस्त्यावर मात्र टायर घसरत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणागणिक शाफ्टला पीळ पडत जातो आणि त्या पिळामुळे दाते एकमेकांत इतके घट्ट दाबले जातात की लिव्हर हलत नाही. सपाट जागी चाके सरळ ठेवून गाडी काही फूट मागे घ्यावी. पीळ उतरला की लिव्हर हाताने निघते. रस्ता ओला असला तरी डांबरी असेल, तर फोर व्हीलची गरज नसते. ते शेताच्या वाटेवर, चिखलात किंवा ओढा ओलांडताना वापरावे.

गगनबावड्याचा विषय निघालाच आहे म्हणून तिथल्या घाटांविषयी विचारल्यावाचून सांगतो. त्या काळच्या गाड्यांत बहुधा चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारी वाट एकच असते. एका चाकाचा सिलिंडर गळू लागला, तर पेडल तळाला जाते आणि चारही ब्रेक जातात. करूळच्या किंवा भुईबावड्याच्या घाटात उतरण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते पाहावे आणि उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर गिअर काढून गाडी सोडण्याची सवय कोणाला असेल, तर त्याने ही गाडी घाटात नेऊ नये.

पेट्रोलविषयी आपली शंका रास्त आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. आपल्याच जिल्ह्यातील कारखान्यांच्या उसातूनही ते तयार होते. इथेनॉलने जुन्या रबराच्या नळ्या फुगतात किंवा भेगाळतात, टाकीच्या तळाशी साठलेला मळ सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो आणि गाडी उभी राहिली की ते हवेतील ओलावा ओढते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा त्रास वाढतो. इंधनाच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवून घ्या, टाकी उतरवून धुवा आणि जोंगा महिनोन्महिने उभी ठेवू नका.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जीपची चाके मूळची आहेत. पंक्चर काढण्यासाठी कोणते नट खोलावेत?
— एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : हा प्रश्न आधी विचारलात हे फार चांगले झाले. युद्धकाळातील अनेक जीपची चाके दोन अर्ध्या भागांची असत. मधले पाच नट चाक हबला धरतात आणि बाहेरच्या वर्तुळातील आठ नट रिमचे दोन भाग एकमेकांना धरतात. हवा भरलेली असताना हे आठ नट सैल केले, तर रिमचा भाग उडून माणसाचा जीव जाऊ शकतो. प्रथम व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच चाक गाडीवरून उतरवा आणि त्यानंतर आठ नटांना हात लावा. हवा परत भरतानाही चाकासमोर उभे न राहता लांब नळीने बाजूने भरावी. हे आठ नट लाल रंगवून ठेवा आणि पंक्चरच्या दुकानात काम चालू असताना स्वतः तिथे थांबा.