एकटं राहून माणूस खरंच आनंदात राहू शकतो का? माणसांशी संबंध ठेवणं इतकं गरजेचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की काम घरूनच चालतं, जुने मित्र हळूहळू सुटत गेले, तसा काही त्रास नाहीये पण सगळे 'जरा माणसांत मिसळ' म्हणून मागे लागतात. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, की एका मैत्रिणीला सहा वर्षांनी फोन करावासा वाटतो पण विचित्र वाटेल म्हणून राहून जातं. मला तर ती शेवटची ओळच तुमचा खरा प्रश्न वाटली, म्हणून जरा मोठं उत्तर लिहितेय.

आधी हे सांगते की एकटं राहणं आणि एकटं पडणं यात खूप फरक आहे. कुणाला दोन मित्र पुरतात, कुणी भरल्या घरात एकटं असतं. त्यामुळे मित्र किती आहेत हे मोजून काहीच कळत नाही. तुम्हाला मनापासून एकटं आवडत असेल तर त्यात चूक काहीच नाही आणि लोकांच्या आग्रहाखातर पार्ट्यांना जायचीही गरज नाही.

पण माझं काय झालं ते सांगते. मी साधारण दोन वर्षं एकटी राहून घरून काम करत होते आणि कुणी विचारलं की मी पण हेच सांगायचे, त्रास काही नाही, मस्त चाललंय. एका रविवारी संध्याकाळी राँग नंबर आला, मी हॅलो म्हणायला गेले तर आवाजच फुटेना, घसा खाकरून परत हॅलो म्हणावं लागलं. फोन ठेवला आणि हिशोब केला तर शुक्रवारची ऑफिसची मीटिंग संपल्यापासून माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला नव्हता. मेसेज मात्र ढीगभर केले होते, लोकांच्या फोटोंना लाइक दिले होते, त्यामुळे आपण सगळ्यांच्या संपर्कात आहोत असंच वाटत होतं. आणि त्याच काळात कुणी नुसतं 'ओके' एवढा रिप्लाय दिला तरी मी अर्धा तास तोच विचार करत बसायचे, की हिला माझा राग आलाय का, मी काही चुकीचं बोलले का. रात्री दोन-तीनदा जाग यायची. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

संबंध असतो हे मला नंतर वाचून कळलं. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षं एकटेपणावर संशोधन केलं. त्यांचं म्हणणं असं की एकटेपणा ही भूक-तहानेसारखी शरीराची सूचना आहे, काहीतरी कमी पडतंय ते भरून काढ म्हणून. फक्त भूक लागली की आपण उठून खातो, इथे नेमकं उलटं होतं. एकटेपणा लांबला की मेंदू सावध होतो, माणसांत धोका शोधायला लागतो, झोप तुटक होते, आणि मग माणूस अजूनच आत आत जातो. 'मला कुणाची गरज नाही' हे कधीकधी त्या सावधपणातून येतं. तुमचंही तसंच आहे असं मी म्हणत नाही, पण एकदा तपासून बघा.

शरीरावर परिणाम होतो का, तर हो. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले, 3 लाखांहून जास्त माणसं होती, आणि ज्यांचे संबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता साधारण 50 टक्क्यांनी जास्त निघाली. आता कुणी म्हणेल आजारी माणूस आपोआपच एकटा पडतो, आणि ते खरंही आहे, पण यातल्या बऱ्याच अभ्यासांत सुरुवातीची तब्येत धरूनही फरक उरला.

मला सगळ्यात पटला तो सर्दीचा प्रयोग. 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या टीमने 276 निरोगी माणसांच्या नाकात चक्क सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि कुणाला सर्दी होते ते बघितलं. ज्यांची नाती जास्त प्रकारची होती, म्हणजे घरचे, मित्र, शेजारी, कामावरचे, एखाद्या ग्रुपमधले, त्यांना सर्दी कमी झाली. इथे प्रकार महत्त्वाचे होते. म्हणून एकच जिवलग माणूस आहे ना मग झालं, असं मला नाही वाटत. जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीशी दोन वाक्यं बोलणं हेसुद्धा धरायचं. मी सुरुवात तिथूनच केली, कारण तेवढंच झेपत होतं.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. मैत्रीवर संशोधन करणारे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलं होतं की नवीन ओळख घट्ट मैत्रीत बदलायला साधारण 200 तास एकत्र घालवावे लागतात. तुमचे त्या मैत्रिणीबरोबरचे हे तास कधीच होऊन गेलेत, ते सहा वर्षांत वाया जात नाहीत. आणि 2022 च्या एका संशोधनात असं दिसलं की आपण आठवण काढल्याने समोरच्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज बहुतेक वेळा कमीच असतो, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितका समोरच्याला जास्त आनंद.

मला नुसतं 'ओके' लिहिणारी माझी एक मैत्रीण होती, तिला मी चार वर्षांनी फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, 'अगं सहज केला फोन, आठवण आली'. तिने उचलला, माझा आवाज ओळखला आणि पहिलं वाक्य काय, तर "थांब गं, ठेवू नकोस, गॅस बंद करून येते." मी पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज ऐकत थांबले. मग आम्ही तासभर बोललो, आणि मधेच ती म्हणाली की तिला इतकी वर्षं वाटत होतं मीच तिच्यावर रागावलेय.