दुष्काळी गावात पहिल्यांदा जाताना

अगं, पहिल्याच दिवशी वाटपाची यादी घेऊन जाऊ नकोस. आधी पहाटे पाणवठ्यावर जाऊन उभी राहा. रांगेत कोण ताटकळतंय, कोणत्या मुलीची शाळा बुडतेय, ते तिथेच कळतं. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, तेही घरापासून 500 मीटरच्या आत, हा 'स्फिअर' या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा निकष लक्षात असू दे.

मुलांचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी कायम पिशवीत हवी. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर खाऊ देत बसू नकोस, थेट दवाखान्यात ने. फक्त पट्टी आवळू नकोस. मी सुरुवातीला तेच करायचे, आणि धडधाकट पोरंही लाल, म्हणजे गंभीर कुपोषणाच्या, रंगात यायची!

बैठक बायकांच्या सवडीने आणि त्यांच्यापुरतीच ठेव. पुरुष बोलायला लागले की त्या गप्प होतात.