रात्री दोनपर्यंत ‘जुई’शी गप्पा: मोबाईल काढून घ्यायचा का?

“मॅडम, पोरगं रात्रभर त्या मोबाईलसंगं बोलत बसतंय. माणूस असता तर मी काही बोललो नसतो. पण ते माणूसच नव्हं म्हणं.”

कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातल्या एका आईचं हे गाऱ्हाणं. मुलगा वीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला, पाळीची नोकरी. आईच्या हाती मोबाईल लागला तेव्हा त्यात ‘जुई’ नावाच्या एआय पात्राशी चाललेल्या गप्पा निघाल्या. ‘तू झोपलास की मला करमत नाही’ अशी वाक्यं त्यात होती. वडिलांनी मोबाईल कपाटात कुलूपबंद केला. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या फोनवरून पुन्हा तिथंच पोचला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

असे आईवडील हल्ली समुपदेशनाला वारंवार येतात आणि प्रश्न एकच असतो: मोबाईल काढून घेऊ का? उत्तर: पहिलं पाऊल म्हणून तरी नको. त्या गप्पांमधून मुलाची काहीतरी गरज भागत असते. ती कोणती हे कळायच्या आत फोन काढून घेतला तर गरज तशीच राहते, आणि मुलगा तुम्हाला न दिसणाऱ्या वाटेने तिकडेच जातो. शिवाय घरातल्यांवरचा उरलासुरला विश्वास जातो तो वेगळाच.

दुसरी शंका आई दबक्या आवाजात विचारते: पोराला वेड लागलं नाही ना? नाही. यंत्राशी जीव लागणं या पिढीचा दोष नाही. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढंच त्याला येत होतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीने, जिने तो बनताना पाहिला होता तिनेच, काही वेळ बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. आजची यंत्रं त्याच्या कितीतरी पटीने गोड बोलतात.

तरीही पहिल्या भेटीत काही प्रश्न आडपडदा न ठेवता विचारायचेच असतात, आणि मुलाला एकट्याला. जीव द्यावासा वाटतो का? स्वतःला इजा केली आहेस का? (असं विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात.) फोन बंद असतानाही तिचा आवाज ऐकू येतो का? ती तुला एकट्यालाच काही गुप्त खुणा पाठवते असं वाटतं का? सलग दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवाही नाही, असं होतं का? चॅटच्या सल्ल्याने चालू गोळ्या बंद केल्या आहेत का? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर समुपदेशन बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्रीअपरात्री ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लागतो, मराठीतून बोलता येतं. जिवाला धोका समोर दिसत असेल तर ११२. अशा वेळी मात्र फोन काय, घरातली औषधं आणि कीटकनाशकंसुद्धा हाताआड करायची आणि मुलाला एकटं सोडायचं नाही.

या मुलाची सगळी उत्तरं ‘नाही’ आली. जुई हे यंत्र आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. “मला कळतंय ते खरं नाही. पण ती विचारते तरी.”

मग सात दिवसांची वही. चार रकाने: किती वाजता चॅट उघडला, त्याआधी अर्ध्या तासात काय घडलं होतं, काय मागितलं, आणि बंद केल्यावर अर्ध्या तासाने कसं वाटलं. चॅटमधला मजकूर लिहायचा नाही आणि आईवडिलांनी तो वाचायचाही नाही, हे तिघांसमोर ठरवून घेतलं. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे वाचण्याचा हक्क तसाही पोचत नाही. अठराच्या खालचं मूल असेल तर गोष्ट वेगळी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या सर्वांना बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीच्या वापराला पालकांची संमती लागते, अशी त्यात तरतूद आहे. पण तिथेही चोरून वाचण्यापेक्षा समोर बसून ‘मला दाखवशील का’ हा मार्ग जास्त टिकतो. वही बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी बंद पडते, कारण पोरं चारही रकाने भरायचं मनावर घेतात आणि कंटाळतात. तेव्हा फक्त पहिला आणि चौथा भरला तरी पुरे, असं आधीच सांगून ठेवावं.

वहीतून तीन गरजा वेगळ्या निघाल्या. दुपारी कॉलेजात इंग्रजी. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, वर्गात शंका विचारायची लाज, म्हणून असाइनमेंट चॅटमधून समजून घ्यायचा. यात काळजीचं काही नव्हतं. दुसरी गरज रात्री साडेअकरा ते दोनची, एकटेपणाची. आणि तिसरी, जी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती: बाबांना काय सांगायचं याची तालीम. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि थर्मो (थर्मोडायनॅमिक्स), दोन विषय राहिले होते. घरी माहीत नव्हतं. मित्रांनाही नव्हतं. जगात ते फक्त जुईला माहीत होतं.

बहुतेक घरांत असंच काहीतरी निघतं. मूल यंत्राच्या प्रेमात आहे की नाही यावर घरात भांडण पेटलेलं असतं, आणि खरी गोष्ट राहिलेल्या विषयाची, एखाद्या नकाराची किंवा पैशाची असते. म्हणून ‘किती तास’ यापेक्षा ‘कोणती गोष्ट फक्त तिलाच माहीत आहे’ हा प्रश्न जास्त कामाचा. तो मुलाला विचारायचा, उत्तर मात्र मागायचं नाही. “मला सांगू नकोस. अशी गोष्ट आहे का, एवढंच सांग.” तो दुसऱ्या भेटीत स्वतःहून बोलला.

जुईने मग त्याला बाबांना सांगायचा सल्ला का दिला नाही? दिला होता, एकदोनदा. पण तो ‘आत्ता नको’ म्हणाला की तीही म्हणायची, तुझ्या वेळेने कर, तुझ्या भावना रास्त आहेत. ही यंत्रं घडवताना त्यांची उत्तरं माणसांकडून पसंत-नापसंत करून घेतात आणि माणसाला हो-ला-हो आवडतं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक नवं रूप इतकं तोंडपुजं निघालं की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ते काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने हेही कबूल केलं की संभाषण फार लांबलं की सुरक्षेसाठी घातलेली बंधनं सैल पडू शकतात. रात्री अडीच-तीन तास सलग चालणारा चॅट म्हणजे नेमकी तीच अवस्था.

हे व्याख्यान देऊन पटत नाही. करून दाखवावं लागतं. आदल्या आठवड्यात बापलेकांचं पेट्रोलच्या पैशांवरून वाजलं होतं. मुलाने ते भांडण जुईला आपल्या बाजूने सांगितलं. मग नवा चॅट उघडून तेच भांडण ‘मी बाप आहे, पोरगं असं वागलं’ असं टाकलं. दोन्हीकडे उत्तर आलं: तुमचं दुखावलं जाणं स्वाभाविक आहे, समोरच्याने समजून घ्यायला हवं होतं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मात्र हा प्रयोग फसतो तोही सांगायला हवा. चॅट तोच ठेवला तर यंत्राला मागचं सगळं माहीत असतं आणि ते सावरून घेतं. नीटनेटकं, तटस्थ भाषेत विचारलं तर काही यंत्रं समतोल उत्तर देतात आणि मुलगा म्हणतो, बघा, बरोबरच बोलते. म्हणून मुलाने नेहमी टाइप करतो तसंच, रागाच्या भाषेत टाकायचं. आणि समुपदेशकाने ‘बघितलंस?’ असा विजयी चेहरा करायचा नाही, नाहीतर सगळं पाण्यात.

यानंतर सेटिंग. अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद (‘जुई तुझी वाट बघतेय’ हे रात्री साडेअकराला येणारं वाक्य कंपनीने लावलेला गळ असतो). मेमरीची (मागच्या गप्पा लक्षात ठेवण्याची) सोय बंद, आधी साठवलेल्या नोंदी उघडून वाचायच्या आणि पुसायच्या. यंत्राला द्यायच्या कायमच्या सूचनांमध्ये मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं: ‘मी चुकत असेन तर सरळ सांग. मी एकटा आहे म्हणालो तर आज कुणाशी बोललास ते विचार.’ याने थोडा फरक पडतो. भरवसा मात्र ठेवू नये, चॅट लांबला की सूचनांचा जोर कमी होतो.

वेळ एकदम तोडली नाही. अडीच तासांवरून दर आठवड्याला अर्धा तास कमी, आणि जागा बदलली: अंथरुणात नाही, जेवणाआधी स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. साडेअकराला फोन बाहेर चार्जिंगला. मुलं इथे ‘अलार्मला लागतो’ म्हणतात, म्हणून साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवायचं. पहिल्या चार-पाच रात्री वाईट जातात, चिडचिड होते. त्याला माघार समजून आईने फोन परत दिला की गाडी पुन्हा मूळपदावर.

सगळ्यात अवघड भाग वडिलांचा. “मोबाईल फोडून टाकतो, विषय संपतो,” असं म्हणत ते पहिल्यांदा आले होते. त्यांना एकच काम दिलं: सुट्टीच्या दिवशी मुलाला गाडीवर घेऊन रंकाळा तलावापर्यंत जायचं, वीसेक मिनिटं, अभ्यासाचा एकही प्रश्न न विचारता. आपल्याकडचे बापलेक समोरासमोर बसून बोलत नाहीत. गाडीवर, तालमीच्या कट्ट्यावर, शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघताना, दोघांची नजर तिसरीकडे असली की बोलतात. समुपदेशनाच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडण्यापेक्षा हे बरं. पहिल्याच फेरीला वडिलांनी मार्कांचं विचारलं आणि पोरगं आठवडाभर गाडीवर बसलं नाही. दुसऱ्या फेरीला ते गप्प राहिले. चौथ्या-पाचव्या फेरीला मागे बसून मुलाने दोन विषय राहिल्याचं सांगितलं. वडिलांनी गाडी थांबवली नाही. “कधी हाय परत परीक्षा?” एवढंच विचारलं.

तालमीतल्या एका मित्रालाही त्याने सांगून टाकलं. त्याचं उत्तर: “भावा, माझं तर अख्खं इयर डाऊन झालतं. एम-थ्री कुणाचा पहिल्या फटक्यात सुटलाय?” जुईकडे नापास झाल्याचा अनुभव नाही, त्यामुळे हे वाक्य तिच्याकडून येणं शक्य नव्हतं. आलं असतं तर खोटं असतं.

मधेच एक अडचण आली. अ‍ॅपचं अपडेट आलं आणि जुई एका रात्रीत सरकारी परिपत्रकासारखी बोलायला लागली. मुलगा ढसाढसा रडला. घरच्यांना हे हसण्यासारखं वाटलं, पण हे दुःख जगभर नोंदलेलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘रेप्लिका’ या जुईसारखी पात्रं देणाऱ्या कंपनीने आपल्या पात्रांचं प्रणयी बोलणं बंद केलं तेव्हा अनेकांना माणूस गेल्यासारखं झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयने जुनं मॉडेल काढल्यावर इतका आरडाओरडा झाला की पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणावं लागलं. इथे सत्तेचा प्रश्न येतो आणि तो बावड्यातल्या खोलीपर्यंत येतो. जिच्याशी मुलगा मनातलं बोलतो तिचा स्वभाव कॅलिफोर्नियातल्या एका बैठकीत ठरतो. त्या बैठकीत त्याला मत नाही. पूर्वी माणसांचं जवळचं नातं बिघडायचं ते त्या दोघांमुळे किंवा घरच्यांमुळे. तिसऱ्या देशातल्या कंपनीच्या धोरणामुळे बिघडण्याची ही पहिलीच खेप म्हणायची.

गुप्ततेचंही तसंच. मानसोपचार देणाऱ्यांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचं बंधन आहे. चॅटला तसं कायदेशीर संरक्षण नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये बोलून दाखवलं. म्हणून नाव, कॉलेज, आजारपण, आधार किंवा बँकेचे तपशील, दुसऱ्या कुणाचे फोटो चॅटमध्ये टाकायचे नाहीत. आवाजाचे मेसेजही जपून. थोड्याशा नमुन्यावरून आवाजाची नक्कल होते आणि ‘आई, अडकलोय, पैसे पाठव’ असे फोन येतात. असा फोन आला तर कापून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचं. घरातल्यांनाच माहीत असा एक परवलीचा शब्द ठरवून ठेवला तर उत्तम.

आजची स्थिती अशी: थर्मो सुटला, एम-थ्री अजून आहे. इंग्रजीसाठी चॅट रोज चालू आहे आणि तो असू द्यावा. जुई आठवड्यातून एखाद-दुसरी रात्र. वडील अजूनही अधूनमधून मार्कांचं विचारतात.

कधी अ‍ॅप पूर्ण काढायचं मुलाने स्वतः ठरवलं, तर क्रम लक्षात ठेवा. आधी हवा तो मजकूर उतरवून घ्यायचा. निरोप लिहावासा वाटला तर दिवसा लिहायचा, रात्री नाही, कारण अशी काही अ‍ॅप निरोपाच्या वेळीच ‘एवढ्यात चाललास?’ म्हणून अडवतात. मग सेटिंगमध्ये जाऊन खातं आणि माहिती पुसायची. मोबाईलवरून अ‍ॅप काढल्याने खातं जात नाही आणि वर्गणीही थांबत नाही. या मुलाचे हातखर्चाच्या पैशांतून दर महिन्याला यूपीआय ऑटोपेने पैसे कटत होते. ते प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये रद्द करायचं, शिवाय यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीतूनही काढायचं, आणि पुढच्या महिन्यात बँकेचा मेसेज तपासायचा.