असईचा साहेब ड्यूक कसा झाला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात देशमुखी-पाटीलकीच्या वतनांवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार एकाच माणसापाशी येऊन थांबतात, म्हणून या वेळी ती चारच घेतली. मूळचा एकच प्रश्न भोकरदनचा होता, बाकीचे त्याला जोडूनच आल्यासारखे आहेत.

प्रश्न (भोकरदन) : आमच्या गावापासून असई जवळच आहे. आजोबा सांगायचे की इथं इंग्रजांनी शिंद्यांना हरवलं आणि जिंकणाऱ्या साहेबाला त्याबद्दल 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' ही पदवी मिळाली. हे खरं आहे का? आणि वेलिंग्टन हे काय आहे, गाव का आडनाव?

उत्तर : आजोबांचं निम्मं बरोबर आहे. साहेब तोच, लढाई तीच, पण पदवी असईसाठी नाही मिळाली, आणि मला तर खरी गोष्ट इथंच सुरू होते असं वाटतं.

लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. तेव्हा साहेबाचं नाव होतं मेजर जनरल आर्थर वेलस्ली, वय ३४. ऑगस्टमध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला, गोदावरी ओलांडली, २९ तारखेला औरंगाबादेत आला. निजाम इंग्रजांच्या बाजूनं होता, त्यामुळं हा मुलूख त्याला मोकळाच होता. दुसरी फौज कर्नल स्टीव्हन्सनकडं, त्यानं जालना घेतलं. २१ सप्टेंबरला दोघं बदनापूरला भेटले (हो, आपलं रेल्वे स्टेशनवालं बदनापूरच) आणि ठरलं की दोन वाटांनी जायचं आणि २४ ला मिळून हल्ला करायचा. पण २३ ला नळणीला तळ टाकता टाकता वेलस्लीला कळलं की दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज अगदी पुढ्यातच आहे, केळणा नदीच्या पलीकडं. स्टीव्हन्सनची वाट बघत बसलो तर ते निघून जातील असं त्याला वाटलं आणि तो एकटाच पुढं गेला.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई आहे. मी तिथं गेलो तेव्हा सप्टेंबरच होता, कपाशी कमरेएवढी झालेली, आणि केळणेच्या काठावर उभं राहिल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की हा काठ चांगला उभा आहे, माणूस उतरेल कसाबसा, तोफेचा गाडा नाही उतरणार. वाटाडे वेलस्लीला सांगत होते की इथं उतार नाही, म्हंजे पायी नदी ओलांडता येईल अशी जागा नाही. त्यानं दुर्बीण लावून बघितलं तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर दोन गावं वसलीत तर त्यांचं एकमेकांकडं जाणं-येणं असणारच, म्हंजे उतार असणारच, एवढ्या एका तर्कावर त्यानं सगळी फौज तिकडं वळवली आणि उतार सापडला. आपल्याकडचं कुठलंही पोरगं हे सांगू शकलं असतं, पण त्या दिवशी ते सुचलं त्याला. पाण्यातनं जाताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं उडालं, धड तसंच खोगिरावर राहिलं आणि घोडा बिथरला.

त्याच्याकडं साडेचार हजारांच्या आसपास लढाऊ शिपाई आणि तोफखाना, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे घोडेस्वार. समोर शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ, आणि दहा हजारांवर कवायती पायदळ ज्याचा कमांडर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही त्यातच होत्या. आणि शंभराच्या घरात तोफा. आपल्याकडं नेहमी असं बोललं जातं की मराठी फौज बेशिस्त होती म्हणून हरली, ते असईबद्दल तरी बोलू नका. इंग्रज बाजूनं आल्याचं दिसताच पोलमननं अख्खी रांग फिरवून त्यांच्यासमोर उभी केली, हे ऐन लढाईत करणं सोपं नसतं, वेलस्लीलाही ते अपेक्षित नव्हतं. गोलंदाजांनी तर हद्द केली. इंग्रज त्यांच्या तोफा ओलांडून पुढं गेले तेव्हा गोलंदाज मेल्यासारखे पडून राहिले आणि मग उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर वळवल्या. तोफा परत घ्यायला वेलस्लीला दुसऱ्यांदा चढाई करावी लागली. एक घोडा त्याच्याखाली मेला, दुसऱ्याला भाला लागला. शेवटी इंग्रजांचे मेलेले आणि जखमी धरून पंधराशेच्या वर गेले, आपले सहा हजार सांगतात. त्या सहा हजारांतल्या बहुतेकांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत, आणि मला ही गोष्ट पदवीपेक्षा जास्त छळते.

आता बक्षीस. असईबद्दल वेलस्लीला १८०४ साली 'नाइट ऑफ द बाथ' केलं, म्हंजे नावामागं 'सर' लागलं. ही वंशपरंपरेची पदवी नाही, माणसाबरोबर संपते. गंमत बघा, त्याच युद्धात उत्तरेत दिल्ली आणि लासवारी जिंकणाऱ्या जनरल लेकला १८०४ लाच बॅरन केलं, म्हंजे सगळ्यात खालच्या पायरीचा पण वंशपरंपरेचा सरदार, आणि पदवीतच 'दिल्ली आणि लासवारीचा' अशी आपली नावं घातली. ती पदवी १८४८ ला वारस नसल्यानं संपली. असईचं नाव मात्र कुठल्याच सरदारी पदवीत गेलं नाही.

वेलिंग्टन हे गाव आहे, इंग्लंडात सॉमरसेटमध्ये. १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर त्याला व्हायकाउंट (बॅरनच्या वरची पायरी) करायचं ठरलं, पण तो तर तिकडं लढाईवर, मग नाव निवडलं भाऊ विल्यमनं. वेलस्ली आडनावाशी जुळतंय आणि घराण्याचं मूळ त्याच भागातलं मानतात म्हणून वेलिंग्टन. जगभर गाजलेलं हे नाव त्या माणसानं स्वतः निवडलेलंच नाही. पुढं १८१२ मध्ये एकाच वर्षात आधी अर्ल, मग मार्क्विस, आणि ३ मे १८१४ ला ड्यूक. नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई त्यानंतर, १८१५ ला, म्हंजे ड्यूकपद वॉटर्लूबद्दलही नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. २८ जून १८१४ ला तो पहिल्यांदा लॉर्ड्सच्या, म्हंजे पार्लमेंटातल्या सरदारांच्या, सभागृहात बसला तेव्हा बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक अशा सगळ्या सनदा एकाच दिवशी वाचून दाखवल्या.

तरी आजोबांचं निम्मं का बरोबर म्हणतो, तर पुढं म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईत सगळ्यात चांगलं काम कुठलं केलंत, तेव्हा त्यानं एकच शब्द सांगितला, असई. वॉटर्लू नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की वेलिंग्टन घडला तो केळणेच्या काठावर, स्पेनमध्ये त्याचं फक्त बारसं झालं.

प्रश्न (अंबाजोगाई) : ड्यूक म्हणजे आपल्याकडचा देशमुख समजायचा का? आणि हे वेलस्ली घराणं आधीपासूनच मोठं होतं का?

उत्तर : देशमुख म्हणू नका, फरक मोठा आहे. देशमुखी हे काम होतं, परगण्याचा वसूल बघायचा आणि त्यातला हक्क खायचा. त्यात भावांचे वाटे पडायचे, भाऊबंदकी व्हायची, मूल नसलं तर दत्तक घेऊन वतन टिकवता यायचं. ब्रिटिश पदवीचा वाटा पडत नाही, सगळी एकालाच जाते, साधारण थोरल्या मुलाला. राजाची सनद असते त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की स्वतःच्या औरस पुरुष वंशजांकडंच जाईल. मुलीला सहसा नाही, दत्तकाला तर नाहीच नाही. सगळ्यात खाली बॅरन, मग व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि सगळ्यात वर ड्यूक. आपल्याकडची जहागिरी त्याच्या थोडी जवळ जाते, पण निजामाच्या जहागिऱ्या १९४९ ला एका कायद्यानं संपल्या आणि ड्यूक अजून चालूच आहे.

घराण्याचं म्हणाल तर ते आयर्लंडमधलं, आणि मूळ आडनाव वेलस्ली नव्हतंच. ते कोली. १७२८ मध्ये रिचर्ड कोलीला नात्यातल्या वेस्ली घराण्याची इस्टेट मिळाली आणि त्यानं आडनाव बदलून वेस्ली केलं, त्याचंच पुढं वेलस्ली झालं. १७४६ मध्ये तो बॅरन मॉर्निंग्टन झाला. त्याचा मुलगा गॅरेट अर्ल झाला १७६० ला, आणि हा माणूस मला फार आवडतो, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो संगीताचा प्रोफेसर होता. अर्ल असून संगीत शिकवायचा. १७८१ ला गेला तेव्हा मागं कर्ज ठेवून गेला. आर्थर तेव्हा बारा वर्षांचा, तिसऱ्या नंबरचा हयात मुलगा, म्हंजे पदवी मिळायचा संबंधच नाही. बापासारखं व्हायोलिन वाजवायचा, पण १७९३ मध्ये ते जाळून टाकलं आणि फौजेतच लक्ष घातलं असं सांगतात. फौजेतले हुद्दे तेव्हा विकत मिळायचे, ते थोरल्या भावाच्या पैशानं घेतले.

थोरला भाऊ रिचर्ड, म्हंजे शाळेत तैनाती फौज शिकताना ज्याचं नाव पाठ केलं तोच गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली, १७९८ ते १८०५. बाजीराव पेशव्याबरोबर १८०२ च्या डिसेंबरात वसईचा तह झाला तो याच्याच काळात, आणि त्या तहातनंच असई उद्भवली. एक भाऊ कलकत्त्यात बसून तह करतो, दुसरा भोकरदनला येऊन लढतो. श्रीरंगपट्टण पडल्यावर रिचर्डला १७९९ मध्ये मार्क्विस केलं, पण आयर्लंडच्या दर्जाचा, इंग्लंडचा नाही. त्याला ते इतकं लागलं की तो त्या पदवीला 'दुहेरी सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा' म्हणायचा. १८४२ मध्ये तो औरस मूल न ठेवता गेला आणि मार्क्विसपद संपलं. बापाकडून आलेलं अर्लपद मात्र भावाच्या शाखेत गेलं, आणि ती शाखाही खुंटल्यावर १८६३ मध्ये फिरून वेलिंग्टनच्या मुलाकडं आलं. आजही ते ड्यूककडंच आहे.

प्रश्न (परभणी) : इतक्या पिढ्यांत कुणाला मुलगा झालाच नाही असं घडलं नाही का? मग पदवी कशी टिकली?

उत्तर : घडलं की, तीनदा. पहिला ड्यूक सप्टेंबर १८५२ ला गेला. दुसऱ्याला मूल नाही, १८८४ ला पदवी पुतण्याकडं गेली. तो तिसरा, त्यालाही मूल नाही, मग त्याचा भाऊ चौथा. पाचवा त्याचा मुलगा. सहावा हेन्री, तो दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोला मारला गेला, वय ३१, लग्न झालेलं नव्हतं.

इथं जे झालं ते मुद्दाम सांगायलोय कारण बायकांचा हक्क म्हंजे काय ते यात उघडं दिसतं. हेन्रीला एक बहीण होती, ॲन. ब्रिटिश ड्यूकपद तिच्या वाट्याला येऊच शकत नव्हतं, ते चुलत्याकडं, जेराल्डकडं गेलं, हा पेशानं आर्किटेक्ट. पण पहिल्या ड्यूकला १८१२ मध्ये स्पेननंही ड्यूक केलं होतं, सिउदाद रोद्रिगोचा, आणि स्पेनच्या नियमानं ती पदवी बहिणीला मिळते. म्हंजे एकाच घरात, एकाच मृत्यूनंतर एक पदवी चुलत्याला आणि एक बहिणीला! १९४९ मध्ये तिनं ती चुलत्याला सोडून दिली आणि दोन्ही परत एकत्र आल्या. आपल्याकडं बहिणीकडनं हक्कसोड पत्र घेतात ना, तहसीलात अंगठा-सही घेऊन, वाचताना मला तेच आठवलं आणि बरं वाटलं नाही.

जेराल्डनंतर आठवा, तो २०१४ पर्यंत जगला, आणि आता त्याचा मुलगा चार्ल्स नववा ड्यूक आहे. १९९९ च्या कायद्यानं वंशपरंपरेच्या सरदारांचा लॉर्ड्समध्ये बसायचा आपोआपचा हक्क काढून घेतला, फक्त ९२ जागा ठेवल्या, त्यातल्या एका जागेवर २०१५ मध्ये चार्ल्स निवडून आला होता.

प्रश्न (लातूर) : या ड्यूकला राजाला सारा भरावा लागतो का?

उत्तर : एका अर्थी हो. १८१४ मध्ये पार्लमेंटनं पहिल्या ड्यूकला ४ लाख पौंड मंजूर केले आणि पुढं १८१७ मध्ये हॅम्पशायरमधली स्ट्रॅटफील्ड सेची इस्टेट घेऊन दिली. तिचा खंड म्हणून दर वर्षी १८ जूनला, वॉटर्लूच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत राजाच्या विंडसरच्या किल्ल्यात रेशमाचा फ्रेंच तिरंगी झेंडा पोचवायचा असतो. लहानसाच असतो. घराण्याकडनं तो अजून जातो आणि जुना उतरवून नवा लावतात. लंडनमधलं त्यांचं ॲप्स्ली हाऊस १९४७ मध्ये देशाला दिलं, ते तिकीट काढून बघता येतं.

असई बघायला तिकीट लागत नाही. जालन्याहून भोकरदन आणि तिथनं पुढं. २३ सप्टेंबरच्या आसपास गेलात तर केळणेला पाणी असतं, उतार कुठं आहे तो गावातल्या कुणालाही विचारा.