खुर्चीचा मान नेमका कुणाच्या वेळी?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, बँकेतून रिटायर झालोय. मुलगा न्यू जर्सीला, पुतण्या ह्यूस्टनला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची रोज जुंपते. बायडेन होते तेव्हा पुतण्या त्यांची टिंगल करणारे व्हिडिओ टाकायचा आणि मुलगा म्हणायचा, अरे प्रेसिडेंट आहेत, पदाचा तरी मान ठेव. आता ट्रम्प आहेत तर वाक्यं तीच, बोलणारे बदललेत. दोघं आपापल्या चॅनलच्या क्लिपा पाठवतात आणि म्हणतात, तुम्हीच सांगा कोण बरोबर. मी काय सांगू?

उत्तर : काका, पुतण्याच्या ह्यूस्टनपासूनच सुरुवात करते. तिथले खासदार ॲल ग्रीन, डेमोक्रॅट, म्हणजे ट्रम्पच्या विरोधी पक्षाचे. ४ मार्च २०२५ ला ट्रम्प संसदेत भाषण करत होते, ग्रीन उठले आणि हातातली काठी उंचावून ओरडायला लागले की मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) कापायचा जनादेश तुम्हाला मिळालेला नाही, बसा म्हटलं तरी बसेनात, शेवटी त्यांना बाहेर नेलं. दोन दिवसांनी सभागृहाने २२४ विरुद्ध १९८ मतांनी त्यांचा निषेध केला. आता मागे जा. ९ सप्टेंबर २००९, ओबामा आरोग्यविम्याबद्दल बोलत होते आणि साउथ कॅरोलिनाचे रिपब्लिकन खासदार जो विल्सन मधेच ओरडले, खोटं बोलताय तुम्ही! त्यांच्यावरही ठराव आला, २४० विरुद्ध १७९ ने पास झाला. दोन्ही प्रसंग अगदी सारखे नाहीत हे मान्य, विल्सननी त्याच रात्री माफी मागितली, ग्रीन मागे हटले नाहीत. पण मतं बघा ना! विल्सनच्या वेळी रिपब्लिकनांपैकी ठरावाच्या बाजूने गेले फक्त ७ आणि ग्रीनच्या वेळी डेमोक्रॅटांपैकी १०. ह्या ७ आणि १० जणांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण आपल्याच माणसाला तू चुकलास म्हणायला त्यांना पक्ष आडवा आला नाही.

चॅनलांचं काय सांगू. रिपब्लिकनांकडे झुकणारा फॉक्स न्यूज आणि डेमोक्रॅटांकडे झुकणारा एमएसएनबीसी (२०२५ पासून त्याचं नाव एमएस नाऊ), दोन्ही १९९६ ला सुरू झाले आणि आपला प्रेक्षक चिडलेला राहिला की तो हलत नाही हे दोघांनाही पक्कं कळलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामा बदामी रंगाचा सूट घालून पत्रकारांसमोर आले, विषय सीरियाचा होता, पण हा सूट अध्यक्षाला शोभतो का ह्याचीच चर्चा रंगली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये स्पीकर नॅन्सी पेलोसींनी ट्रम्पच्या मागे उभं राहून त्यांच्या भाषणाची प्रत कॅमेऱ्यासमोर टराटरा फाडली, तर ज्यांना विल्सन असभ्य वाटले होते त्यातल्या बऱ्याच जणांना हे धाडस वाटलं. मला नाही वाटलं, सभागृहात बसणाऱ्याने तिथली रीत पाळावी, मग समोर कोणी का असेना. मात्र सामान्य माणसाला आणि पेपरवाल्याला हे बंधन लावायला माझा साफ विरोध आहे. अमेरिकेत तेही करून झालंय. १७९८ चा सेडिशन ॲक्ट, अध्यक्ष जॉन ॲडम्स. अध्यक्षांविरुद्ध आणि संसदेविरुद्ध बदनामीकारक लिहिलं तर तुरुंग, पण उपाध्यक्षांविरुद्ध काहीही लिहा, कारण उपाध्यक्ष होते जेफर्सन आणि ते विरोधी गटातले! व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन त्या कायद्याखाली ४ महिने आत होते आणि लोकांनी त्यांना तुरुंगात असतानाच परत निवडून दिलं.

आणि काका, आपल्या बडोद्याला तर ही गोष्ट घरचीच आहे. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सयाजीराव महाराज पाचव्या जॉर्जसमोर एकदाच वाकले आणि पाठ फिरवून चालायला लागले. विलायतेतल्या पेपरांनी बादशहाचा अपमान झाला म्हणून रान उठवलं, लंडनला त्याची फिल्म दाखवली, महाराजांना व्हाइसरॉयला पत्र लिहून खुलासा करावा लागला की अपमानाचा हेतू नव्हता. तरी आपल्याकडे ती पाठ अभिमानानेच सांगतात, माझ्या आजीने मला सूरसागरच्या काठावर बसून सांगितली होती. पण उद्या मला आवडणाऱ्या नेत्याकडे कोणी अशी पाठ फिरवली तर मला अभिमान वाटेल का? राग येईल, खरं सांगते, आणि हे माझं मलाच फार खटकतं.

तेव्हा दोघांपैकी कोण बरोबर ह्यात पडू नका. दोघांना म्हणा, तुमच्या चॅनलने तुमच्याच पक्षाच्या माणसाला असभ्य म्हटलंय अशी एक क्लिप शोधून ग्रुपवर टाका, मग पुढचं बोलू.

प्रश्न : टीव्हीवर दोन्ही बाजू दाखवायचा कायदा अमेरिकेत होता, तो काढला म्हणून हे सगळं झालं असं कॉलेजमध्ये ऐकलं. खरंय का? (कारेलीबाग)

उत्तर : अर्धंच. फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा तो नियम १९४९ पासून होता आणि १९८७ ला काढला, पण तो सरकारी लायसन्सवर हवेतून प्रसारण करणाऱ्या रेडिओ-टीव्ही स्टेशनांसाठी होता. रेडिओवरच्या एकतर्फी टॉक शोंना त्याने रान मोकळं झालं हे खरं. केबलवरचे न्यूज चॅनल त्यात धरलेलेच नव्हते.

प्रश्न : आपल्या राष्ट्रपतींवर कार्टून काढणं योग्य आहे का? मला तरी ते बघवत नाही. (मांडवी)

उत्तर : तुमची भावना समजते मावशी. आपल्याकडे राष्ट्रपती वेगळे आणि कारभार करणारे पंतप्रधान वेगळे, त्यामुळे आपण एकाला नमस्कार करतो आणि दुसऱ्याशी भांडतो. अमेरिकेत दोन्ही एकाच माणसात आहे, म्हणून तिथे कारभारावर बोललं की पदाचा अपमान झाला म्हणायला सोपं जातं. पण कार्टून वाईटच असं नाही हो. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम ह्यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद ह्यांना बाथटबमध्ये दाखवलं होतं, दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देताना, आणि म्हणतायत की अजून वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. त्यात एका माणसाची फजिती आहेच, पण राष्ट्रपतीने सही करण्याआधी कागद वाचावा अशी पदाबद्दलची तळमळही आहे. मिळालं तर एकदा बघा आणि कसं वाटलं ते मला नक्की कळवा.